लोकप्रतिनिधींपुढे गावचा प्रश्न कसा मांडावा?

पावसाळा सरून ओढ्यानाल्यांचे पाणी निवळू लागले म्हणजे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना दारे बसविण्याचा हंगाम येतो. काही भागांत या दारांना बरगे असे म्हणतात. साधारणपणे ऑक्टोबरच्या मध्यास हे काम हाती घ्यावे लागते. त्यास विलंब झाला तर ओढ्याचा प्रवाह क्षीण होतो, आणि मग दारे बसविली तरी अडविण्याजोगे पाणी उरलेले नसते. गव्हाला मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, म्हणजे पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, द्यावयाचे पाणी मिळत नाही. हरभऱ्याला फुलोऱ्यात व घाटे भरताना द्यावयाचे पाणी तर दूरच राहते. बी सुधारलेले, पेरणी वेळेवर, मशागत चोख, आणि तरीही उतारा निम्म्यावर, असा प्रकार ज्या गावी घडतो तेथे पुष्कळदा दोष शेतात नसून ओढ्यावर असतो.

दारे गंजली असतील, वाहून गेली असतील किंवा चोरीस गेली असतील तर त्यांवर शेतीशास्त्रात उपाय नाही. ती नवीन घ्यावी लागतात. त्याकरिता निधी लागतो आणि निधी कोठे खर्च व्हावा हे ठरविण्यात आपण निवडून दिलेल्या मंडळींचा मोठा वाटा असतो. मातीचा नमुना कसा घ्यावा, बीजप्रक्रिया कशी करावी, हे आपण शेतकऱ्यांस वर्षानुवर्षे शिकवीत आलो. आपली रास्त गरज लोकप्रतिनिधीपुढे कशी मांडावी, हे मात्र कोणी कोणास शिकवीत नाही. परिणामी अर्जांचे ढीग पडतात आणि कामे तशीच राहतात. या विषयाचा थोडा विचार गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी करावा म्हणून हा लेख.

अठरा मागण्यांचा अर्ज

प्रस्तुत लेखकाच्या कार्यक्षेत्रातील एका गावाचा अनुभव येथे उपयोगी पडण्यासारखा आहे. गावाच्या खालच्या अंगास ओढ्यावर १० गाळ्यांचा बंधारा होता. त्याची जवळजवळ निम्मी दारे निकामी अथवा नाहीशी झाली होती. तीन वर्षे गावाने अर्ज केले. अर्ज दरवर्षी जवळपास एकच असे. आरंभी गावावर आजवर झालेल्या अन्यायाचे वर्णन, त्यानंतर अठरा मागण्या. रस्ता, सभामंडप, शाळेची कुंपणभिंत, गुरांचा दवाखाना, स्मशानशेड, दिवाबत्ती अशा क्रमाने येत येत बंधाऱ्याच्या दारांचा क्रमांक अकरावा लागे. आमदार एखाद्या उद्घाटनास आले म्हणजे हार घालता घालता हा कागद त्यांच्या हाती द्यावयाचा, ते तो आपल्या स्वीय सहाय्यकाकडे देत, आणि गावाचे काम तेथे संपे.

लोकप्रतिनिधींना नावे ठेवण्यापूर्वी या कागदाचे त्यांनी काय करावयास हवे होते, हे पाहू. अठरा मागण्या म्हणजे निदान सहा-सात निरनिराळी खाती. त्यांतील काही कामे ग्रामपंचायतीची, काही जिल्हा परिषदेची, काही राज्य शासनाची. असा अर्ज कोणत्याही एका अधिकाऱ्याकडे पाठविता येत नाही. म्हणून त्यावर “योग्य ती कार्यवाही व्हावी” एवढाच शेरा पडतो व तो तालुक्याच्या कार्यालयात जाऊन स्थिरावतो. शिवाय अठरांपैकी गावाला खरोखर कोणत्या कामाची निकड आहे, हेही त्यावरून कळत नाही. अकराव्या क्रमांकावर असलेल्या गोष्टीवाचून गावाचे अडत असेल असे वाचणाऱ्यास वाटावे तरी कसे?

चौथ्या वर्षी, म्हणजे नोव्हेंबर २०१७ मध्ये, निराळी गोष्ट घडली. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावयाची असते. पुष्कळ गावी ती कागदोपत्रीच होते. येथे ती खरोखर झाली. पिण्याच्या पाण्याची विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते, आणि ज्या वर्षी बंधारा भरत असे त्या वर्षी ती मे महिन्यापर्यंत टिकत असे, ही गोष्ट तेथे एका वृद्ध बाईंनी सांगितली. तोपर्यंत बंधारा हा खालच्या अंगाच्या बागायतदारांचा प्रश्न मानला जात होता. त्या दिवसापासून तो सर्व गावाचा प्रश्न झाला. ग्रामसभेने दारांपुरताच ठराव केला. सभामंडप व कुंपणभिंत यांची नावे त्यात नव्हती, आणि त्यावरून थोडी धुसफूसही झाली, हे नमूद केले पाहिजे.

काम कोणाचे, हे आधी शोधावे

ठराव झाल्यावर पहिला शोध घेतला गेला तो बंधारा कोणाच्या ताब्यात आहे याचा. महाराष्ट्रात १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेल्या लघुपाटबंधाऱ्यांची कामे जिल्हा परिषदेकडे असतात. त्याहून मोठी कामे राज्य शासनाच्या मृद व जलसंधारण किंवा जलसंपदा विभागाकडे असतात. हा बंधारा शंभर हेक्टरांच्या आतला निघाला. म्हणजे तीन वर्षे ज्या दारी गाऱ्हाणे घातले ते दार मुळात दुसऱ्याचे होते. आमदारांनी मनात आणले असते तर शब्द टाकून मदत केली असती, यात शंका नाही. परंतु निर्णय जेथे होतो तेथे आपल्या गटातून निवडून दिलेला जिल्हा परिषद सदस्य बसत असता, त्याला वगळून वरच्या पायरीवर जाण्यात शहाणपण नव्हते. तो दुखावला गेला असता, ही गोष्ट निराळीच.

ही रचना काल-परवाची नाही. बलवंतराय मेहता समितीचा अहवाल १९५७ सालचा. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कार्य करू लागल्या. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून या संस्थांना घटनेचा आधार मिळाला. एवढा काळ लोटूनही कोणते काम कोणाच्या अधिकारात येते, हे सांगू शकणारी माणसे गावात क्वचितच आढळतात. गावाच्या नळाबद्दल खासदारांना साकडे घातले जाते आणि पीकविम्याच्या धोरणाबद्दल सरपंचांस जाब विचारला जातो.

खासदार व आमदार यांच्या स्थानिक विकास निधीविषयी तर मोठा गैरसमज आहे. खासदारांच्या निधीची योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. त्यात खासदार कामाची शिफारस करतात; मंजुरी जिल्हा प्रशासन देते, आणि नियमात न बसणारे काम खासदारांची कितीही इच्छा असली तरी होत नाही. एखाद्याच्या वैयक्तिक लाभाचे काम या निधीतून मागणे म्हणजे आपला व त्यांचाही वेळ व्यर्थ दवडणे होय.

आणखी एक खबरदारी घ्यावी. ज्या संस्थेकडे जावयाचे तेथे त्या वेळी निवडून आलेले सदस्य आहेत किंवा नाहीत, हे आधी पाहावे. २०२२ साली राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. अशा काळात निवेदन प्रशासकांच्या नावे द्यावे लागते व आमदारांच्या पाठपुराव्याचे महत्त्व अर्थातच वाढते.

एक पानाचे निवेदन

गावाने या खेपेस दिलेले निवेदन एका पानाचे होते. त्यातील मुख्य मजकूर पुढीलप्रमाणे होता:

“आमच्या गावच्या बंधाऱ्यास एकूण १२० दारे लागतात. ग्रामसभेने नेमलेल्या मंडळींनी प्रत्यक्ष मोजणी केली असता ६७ दारे सुस्थितीत, २१ गंजून निकामी व ३२ गहाळ आढळली. म्हणजे ५३ दारे नवीन लागतील. बंधारा भरल्यास ६४ खातेदारांचे ७१ हेक्टर क्षेत्र रब्बी हंगामात भिजते व पिण्याच्या पाण्याची विहीर उन्हाळ्यात टिकते. दारांच्या खरेदीची तरतूद आगामी अंदाजपत्रकात व्हावी व दारे सप्टेंबरपूर्वी मिळावीत, ही विनंती. दारे ठेवण्यास ग्रामपंचायत कुलूपबंद खोली देईल. ती बसविण्याचे व काढण्याचे काम गावकरी श्रमदानाने करतील. ग्रामसभेचा ठराव, मोजणीचा तक्ता व खातेदारांची यादी सोबत जोडली आहे.”

या मजकुरात अन्यायाचा उल्लेख नाही आणि “मायबाप” असे संबोधनही नाही. परंतु सदस्याला सभागृहात उभे राहून जे जे सांगावे लागेल ते सर्व त्यात आहे. लोकप्रतिनिधी हा आपला वकील आहे, असे घटकाभर मानले तर त्याच्या हाती पुरावा देणे हे पक्षकाराचे काम ठरते. “माझ्या गटातील लोकांची फार अडचण आहे,” असे प्रत्येकच सदस्य म्हणतो. “५३ दारांअभावी ७१ हेक्टर कोरडे राहते,” असे म्हणणारा सदस्य अभियंत्यास उत्तर देण्यास भाग पाडतो.

आकडे फुगवू नयेत. ७१ हेक्टरांचे दोनशे करावेत, म्हणजे वजन पडेल, असा सल्ला देणारे शहाणे प्रत्येक गावात असतात आणि या गावातही होते. परंतु शाखा अभियंता मोजणीस येतोच. त्याचा आकडा व आपला आकडा यांत तफावत पडली की आपला सदस्य तोंडघशी पडतो, आणि पुन्हा आपल्या कागदावर विश्वास ठेवीत नाही.

खोली व श्रमदान यांचा उल्लेखही वायफळ नव्हता. नवी दारे दिली तर तीही चोरीस जाणार नाहीत कशावरून, हा प्रश्न लघुपाटबंधारे विभागाकडून येणार हे उघड होते. त्याचे उत्तर मागणीबरोबरच गेले. ज्याच्याकडे मागावयाचे त्याची अडचण आपण आधी ओळखली तर निम्मे काम होते.

वेळ साधणे

हे निवेदन डिसेंबरात दिले गेले, दारांची गरज मात्र पुढील ऑक्टोबरात होती. चालू रब्बी हंगाम हातचा गेलाच होता, ही गोष्ट गावाने कबूल केली व पुढच्या वर्षाची सोय पाहिली. जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक मार्चमध्ये मंजूर होते; त्याची जुळवाजुळव त्याआधी काही आठवडे चालते. जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडाही हिवाळ्यातच आकार घेतो आणि राज्याचे अंदाजपत्रक सर्वसाधारणपणे मार्चमध्ये सादर होते. एप्रिलमध्ये गेलेल्या माणसास “आता पुढच्या वर्षी पाहू” असेच ऐकावे लागते, आणि ते खोटेही नसते. पेरणीची वेळ टळल्यावर बी मागावयास जाण्यासारखेच हे आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली म्हणजे नवीन कामांची मंजुरी थांबते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ती १० मार्च रोजी, म्हणजे ऐन अंदाजपत्रकाच्या महिन्यात लागू झाली होती. ज्यांचे कागद जानेवारीत पुरे झाले नव्हते त्यांची मोठी पंचाईत झाली.

विधिमंडळाच्या अधिवेशनांचीही आठवण ठेवावी. अर्थसंकल्पी व पावसाळी अधिवेशन मुंबईत व हिवाळी अधिवेशन सामान्यतः डिसेंबरात नागपुरास भरते. प्रश्न एका गावापुरता नसून अनेक तालुक्यांचा असेल तर आमदारांना तारांकित प्रश्न विचारता येतो, लक्षवेधी सूचना मांडता येते. त्याकरिता माहिती अधिवेशनाच्या पुष्कळ आधी त्यांच्या हाती पडली पाहिजे. सदस्यामार्फत विनंती अर्ज सादर करण्याचीही सोय विधिमंडळात आहे आणि अशा अर्जांकरिता स्वतंत्र समिती असते. या मार्गाचा उपयोग शेतकरी फारच थोडा करतात.

शिष्टमंडळ

निवेदन घेऊन पाच माणसे गेली: सरपंच, महिला सभेतील दोघीजणी, खालच्या अंगाचा एक बागायतदार व वरच्या वाडीतला एक कोरडवाहू शेतकरी. बोलावयाचे कोणी, हे आधीच ठरले होते. चाळीस माणसे दोन टेम्पो भरून गेली असती तर प्रत्येकाने आपला रस्ता व आपली डी.पी. काढली असती आणि दारे बाजूस राहिली असती.

गावात दोन गट होते, कोठे नसतात? सदस्य ज्या गटाच्या पाठिंब्यावर निवडून आले होते त्याच्या विरुद्ध गटाचे सरपंच होते. म्हणून दोन्ही गटांची माणसे शिष्टमंडळात मुद्दाम घेण्यात आली. गावाची दोन तोंडे दोन गोष्टी सांगू लागली की लोकप्रतिनिधी थांबतो, आणि त्याचे थांबणे स्वाभाविक आहे. एकाचे काम करावे तर दुसरा दुखावतो. येथे दोघेही एकच वाक्य बोलले. सदस्यांनी प्रथम विचारले ते ओढ्याच्या खालच्या गावाचे काय म्हणणे आहे, हे. पाणी अडले म्हणजे खालच्यांची तक्रार येणार, हे त्यांना ठाऊक होते, कारण तेही त्यांचेच मतदार. खालच्या गावाशी बोलणे झालेले नव्हते. त्याकरिता शिष्टमंडळास परत यावे लागले, आणि ओढ्याचा पहिला प्रवाह खालच्या बंधाऱ्यास सोडून मग दारे बसविण्याचे उभय गावांत ठरल्यावर, जानेवारीत, पुन्हा जावे लागले. या खेपेस कागदावर दोन ग्रामपंचायतींचे ठराव होते.

“काम झाले नाही तर मतदानावर बहिष्कार” ही भाषा आजकाल फार ऐकू येते. ती शेवटचा उपाय म्हणून कोणी वापरील तर वापरो. पहिल्या भेटीत ती वापरणारा मनुष्य आपल्या हातातील एकमेव साधन टाकून देण्याची भाषा करीत असतो. खुशामतीचेही तसेच. हारतुरे व फलक यांवर झालेल्या खर्चात दोन-चार दारे आली असती.

मोठ्या संख्येने जाण्याला स्थान नाही, असे मात्र नव्हे. त्याचेही एक शास्त्र आहे, आणि त्याचा आदर्श महाराष्ट्रात घडलेला आहे. कोकणात खोत हा शासन व कूळ यांच्या मध्ये बसून वसूल घेत असे. चरीच्या परिसरातील कुळांनी १९३३ पासून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनी न कसण्याचा संप केला व तो वर्षानुवर्षे चालविला. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई विधिमंडळात निवडून आले आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्यानंतर १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईस विधिमंडळावर गेला व शिष्टमंडळाने मुख्य मंत्री बाळ गंगाधर खेर यांच्यापुढे मागण्या मांडल्या. येथे क्रम पाहण्यासारखा आहे. मोर्चा निघाला त्या दिवशी मागणीचा मसुदा कलमवार होऊन सभागृहात पोचलेला होता. काय हवे, हे सरकारने विचारण्याचे कारणच उरले नव्हते. विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. खोती नाहीशी करणारा कायदा १९४९ साली झाला. तेवढी वर्षे प्रश्न जागता ठेवणारी माणसे होती, म्हणून तो झाला.

दिल्यानंतर

निवेदनाची पोच घ्यावी. आवक क्रमांक व दिनांक वहीत लिहावा. महिन्याने एका माणसाने, नेहमी त्याच माणसाने, चौकशी करावी. दर वेळी नवा मनुष्य गेला की कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. उत्तर नकाराचे आले तर तेही लेखी मागावे. नकाराचे कारण कळल्यास पुढचा कागद त्या कारणाला धरून करता येतो. कागद कोठे अडला हे कळत नसेल तर २००५ चा माहितीचा अधिकार आहेच. परंतु तो रागाच्या भरात पहिल्याच आठवड्यात वापरू नये, असे आमचे मत आहे. काम झाले तर सदस्यास दोन ओळींचे पत्र पाठवावे. तक्रारीची पत्रे त्यांना रोज येतात, पोचल्याची क्वचितच.

या गावास ५३ ऐवजी ४० दारे मंजूर झाली व ती सप्टेंबर २०१८ च्या दुसऱ्या आठवड्यात आली. त्या वर्षी पावसाने लवकर पाठ फिरविली. ऑक्टोबरअखेर शासनाने राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. दारे हाताशी असल्यामुळे गावाने ऑक्टोबरच्या मध्याची वाट न पाहता सप्टेंबरच्या अखेरीसच आठ गाळे बंद केले. उरलेल्या दोन गाळ्यांत मातीच्या पोत्यांचा बांध घातला. बंधारा पुरता भरला नाही. गव्हाचा पेरा गावाने त्या वर्षी सोडून दिला, हरभऱ्यास मात्र दोन पाणी मिळाले आणि विहीर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालली. मे महिन्यात टँकर आलाच.

कार्यकर्त्यांनी पाळावयाची मर्यादा

ग्रामपंचायत अधिकारी, सहाय्यक कृषी अधिकारी व इतर शासकीय कार्यकर्ते यांनी या कामात कोठवर जावे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. मोजणीस मदत करणे, क्षेत्राचे व खातेदारांचे आकडे तपासून देणे, बंधारा कोणाच्या ताब्यात आहे ते शोधणे, ग्रामसभेचा ठराव नेटका लिहून देणे, अंदाजपत्रकाच्या तारखा गावास वेळीच कळविणे, हे सर्व आपले कामच आहे. शिष्टमंडळाचे पुढारीपण मात्र करू नये, कोणत्याही पक्षाच्या व्यासपीठावर बसू नये आणि निवेदनावर गावकऱ्यांबरोबर सही करू नये. १९७९ च्या वर्तणूक नियमांनी शासकीय सेवकाच्या राजकारणातील सहभागास मनाई केली आहे, तसेच स्वतःच्या सेवेसंबंधीच्या कामासाठी राजकीय वजन आणण्यासही. गावाच्या कामानिमित्त झालेल्या ओळखीचा उपयोग आपल्या बदलीसाठी करण्याचा मोह ज्यास आवरत नाही, त्याने शिष्टमंडळाच्या दिवशी रजेवर असलेले बरे.

ठरावाची, मोजणीच्या तक्त्याची व पोचेची एकेक प्रत ग्रामपंचायतीच्या कपाटात स्वतंत्र धारिकेत ठेवावी आणि बदली होऊन जाताना ती धारिका नव्या कार्यकर्त्याच्या स्वाधीन करून त्याची सही घ्यावी. वर सांगितलेल्या गावातील उरलेल्या १३ दारांची मागणी अशाच धारिकेवरून पुढे चालविली गेली.